दारावरचं अक्षर

आमच्या मंडळीचं नवं चर्च प्रताप नगरच्या पुढे प्लॉट पाडलेल्या एका लेआउटच्या टोकाला उभं राहिलं. भिंती, छत आणि प्लास्टर ठेकेदारानं करून दिलं. त्यापुढचं काम आपण आपल्या हातानं करू या का, असं पाळकांनी एका रविवारी उपासनेनंतर विचारलं आणि सगळ्यांनी हात वर केले. पुट्टी घासताना नाकातोंडात किती पांढरा भुगा जातो, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.

एप्रिल होता. ऊन चढायच्या आत काम उरकावं म्हणून आम्ही उजाडताच जमायचो. सावनेरच्या कोळसा खाणीत वेल्डिंग करणारा एक गडी सुट्टीच्या दिवशी यायचा. खिडक्यांच्या जाळ्या त्यानंच बसवल्या. माझी एक मैत्रीण घरी ब्लाऊज शिवते. ती आणि मी गुडघ्यांवर बसून फरशीच्या सांध्यांत पांढरं सिमेंट भरायचो, नाहीतर काचांवरचे रंगाचे शिंतोडे जुन्या ब्लेडनं खरवडायचो. दहाच्या सुमारास कुणीतरी तर्री-पोहे आणायचं. हात धुवूनही बोटांना सिमेंटचा खरखरीतपणा राहायचा, त्याच बोटांनी खायचो. घरी जाताना अंग दुखायचं आणि दुसऱ्या दिवशी परत यावंसं वाटायचं.

माझे पती शाळेत चित्रकला शिकवायचे. निवृत्तीनंतर त्यांना लकवा मारला आणि उजवा हात गेला. बोलणंही जरा जड झालं. घरच्यांना कळायचं, बाहेरच्यांना दोनदा विचारावं लागायचं. म्हणून ते फारसे बोलेनासे झाले. ब्रश आणि रंगांचा डबा त्यांनी मला कपाटाच्या वरच्या खणात ठेवायला लावला होता. चर्चला मात्र ते माझ्याबरोबर यायचे आणि कडुनिंबाखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून आमचं काम बघायचे.

मोठ्या दारावर काय लिहायचं यावरून मंडळीत बरीच चर्चा झाली. प्रत्येकाचं आवडीचं वचन वेगळं. शेवटी पाळक म्हणाले, "आपल्या दारात कोणी आलं तर आपण काय म्हणतो? 'या' म्हणतो. तेवढंच लिहू." ते सगळ्यांना पटलं. मग ते कडुनिंबाखाली आले आणि यांना म्हणाले, "सर, एकच अक्षर आहे. पण रस्त्यावरून दिसलं पाहिजे. तुम्ही लिहाल ना?"

यांनी डाव्या हातानं उजवा हात उचलून मांडीवर ठेवला. "हा पाहिला का तुम्ही? मले नाही जमत आता. फ्लेक्स लावा."

पाळकांनी आग्रह केला नाही. चारेक दिवसांनी मंडळीतल्या एकानं खरंच फ्लेक्सचा नमुना छापून आणला. कॉम्प्युटरवरचं अक्षर, पिवळं, त्याला निळी सावली. हे त्याच्याकडे बराच वेळ बघत बसले. घरी जाताना ऑटोत म्हणाले, "ते 'य' आहे का? त्याले पोटच नाही. अन् काना असा उभा आहे जसा काही भांडून राहिला."

त्या दुपारी मी भांडी घासून बाहेर आले, तर हे बैठकीच्या खोलीत जमिनीवर बसलेले. कूलर चालू, डाव्या हातात खडू आणि सगळ्या फरशीवर 'या', 'या', 'या'. काही लहान मुलाच्या हातचे वाटावेत असे, काही आडवे पडलेले.

"पाय नको ठेवू वं," ते म्हणाले. "पुसून जाईन."

मी भिंतीला धरून कडेकडेनं गेले आणि काही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी खडू ठेवून दिला असता. रोज संध्याकाळी मी फरशी पुसायची आणि रोज दुपारी ते ती भरून टाकायचे.

मग एका सकाळी चर्चमध्ये त्यांनी खाकी कागदाचे मोठे ताव मागवले. आम्ही ते खळीनं जोडले आणि आतल्या फरशीवर अंथरले. त्यांनी काठीला कोळसा बांधला, स्टुलावर बसले आणि बोटांनी नाही, तर खांद्यापासून सबंध हात फिरवून अक्षर काढलं. पहिला कागद त्यांनी स्वतःच फाडला. दुसऱ्यावरचं अक्षर झालं तेव्हा घासकाम करणारे लोक हातातला पॉलिश पेपर तसाच धरून भोवती उभे होते.

आता ते कागदावरून दारावरच्या भिंतीवर न्यायचं होतं. रेषेवर सुईनं जवळजवळ भोकं पाडायची, कागद भिंतीला लावायचा आणि गेरूच्या पुडीची पुरचुंडी त्यावर आपटत जायची. भोकांमधून ठिपके उमटतात. माझ्या मैत्रिणीनं घरून सुया आणल्या. कागदाखाली चादरीच्या घड्या घालून आम्ही बायका गोल करून बसलो आणि टोचू लागलो. "एवढा मोठा गळा तर मी कोणत्याच ब्लाऊजले नाही कापला," ती म्हणाली, आणि हे हसले. चारचौघांत ते हसलेले मी फार दिवसांनी पाहिले.

परांचीवर चढायला पुरुषांपैकी दोघं तयार होते. हे म्हणाले, "हिले चढू द्या."

"मले?" मी म्हटलं. "तुम्ही तर कधी ब्रशले हात लावू दिला नाही."

"तुले माझं बोलणं कळते. मी खालून काय म्हणून राहिलो ते यायले दोनदा विचारा लागन."

ते खरंच होतं. मी पदर खोचला आणि चढले. वेल्डिंगवाल्यानं परांचीचे खांब दाबून धरले होते. वरून रस्ता, समोरच्या गच्च्या, वाळत घातलेल्या मिरच्या, सगळं दिसत होतं. मी ठरवून फक्त भिंतीकडे बघितलं. कागद चिकटवला, पुरचुंडी आपटली. कागद काढला तेव्हा भिंतीवर ठिपक्यांचं अक्षर होतं. खालून कुणीतरी टाळी वाजवली.

मग विटकरी रंग. हे खुर्ची रस्त्यापलीकडे ओढून बसले होते आणि तिथून सांगत होते. "कड आधी. श्वास रोखून ओढ. मधात थांबू नको." 'य'च्या पोटाशी रंग जास्त झाला आणि ओघळ खाली आला. मी तो पुसायला निघाले, तोच त्यांचा आवाज आला, "पुसू नको. वाळू दे, मंग खरवड." ते बोलणं मला एका खेपेत कळलं. बाकीचे एकमेकांना विचारत होते, सर काय म्हणाले.

दुपार चढत गेली तशी एका मुलीनं वर छत्री धरली. शेवटची कड भरून मी खाली उतरले. मी रस्ता ओलांडून त्यांच्याजवळ गेले आणि पहिल्यांदा ते अक्षर लांबून पाहिलं. गोल पोटाचा 'य' आणि त्याला टेकून उभा काना. भिंतीवर ते जणू हात पसरून उभं होतं.

"काना खाली जरासा उजवीकडे गेला," हे म्हणाले.

"नीट करू का?"

"नको. चांगला दिसते."

अर्पणाच्या, म्हणजे चर्च देवाला वाहण्याच्या दिवशी मी ठेवणीतली साडी नेसले आणि त्यांनी नवा शर्ट घातला. बटणं त्यांनी डाव्या हातानं स्वतः लावली, मला लावू दिली नाहीत. दार उघडायच्या आधी पाळकांनी ज्यांनी ज्यांनी काम केलं त्यांना पायऱ्यांवर पुढे बोलावलं. जवळजवळ सगळी मंडळीच पुढे गेली. मागे बघायला पाहुणेच उरले. आमच्यापैकी कितीजणांच्या नखांत अजून पांढरं सिमेंट होतं. मी यांचा उजवा हात धरून उभी होते आणि माझी मान ताठ होती.

त्या गर्दीत समोरच्या गल्लीतल्या बुद्धविहाराची मंडळीही आली होती. त्यांच्यातल्या एक ताई जेवणाच्या वेळी यांच्याशेजारी बसल्या. विहाराच्या आवारभिंतीवर नाव लिहायचं आहे, कोण लिहितं तुमच्याकडे, असं त्यांनी विचारलं.

हे सावकाश, प्रत्येक शब्द सुटा करत म्हणाले, "आम्ही लिहितो. मी आणि ही."

ताईंना दोनदा विचारावं लागलं नाही.

विहाराची भिंत आम्ही पावसाळ्याच्या आत पुरी केली. तिथे नाव लांबलचक होतं, पण भिंत बुटकी होती, परांची लागली नाही. रंगांचा डबा आता कपाटाच्या खालच्या खणात असतो आणि त्यात एक ब्रश माझा आहे.