पूर्ण नाव

उत्तरेश्वरला पुण्यातली एक गोष्ट फार आवडली: इथं आडनाव कुणी विचारत नाही. लातूरकडच्या त्याच्या गावात आडनाव कळलं की पाण्याचा तांब्या वरूनच ओतला जायचा. इथं आयटी कंपनीतली पोरं साहेबालाही नुसत्या नावानं हाक मारत. त्यांना ने-आण करणाऱ्या सुमोचा तो ड्रायव्हर.

त्या सकाळी विश्रांतवाडीला रस्त्यात मधोमध पांढरी गाडी आडवी उभी होती. मागे बसलेला कंपनीतला सलिल म्हणाला, मीटिंग आहे, वाजव की हॉर्न. त्यानं वाजवला.

गाडीतून सर्जेराव उतरला. जमिनी विकून गबर झालेला, चौकातल्या दर फ्लेक्सवर हात जोडून उभा असलेला. आत्ता हात मोकळे होते. मागे चार पोरं.

"खाली ये. कुठला रं तू?"

"लातूरकडचा, दादा. चुकलं."

"पूर्ण नाव सांग."

हा प्रश्न नावासाठी नसतो, हे उत्तरेश्वरला लहानपणापासून ठाऊक. तोंडून गावच्या वाड्यावरचं आडनाव निघालं. "उत्तरेश्वर देशमुख."

सर्जेरावचा चेहरा सैलावला. खांद्यावर हात पडला. "मग आपल्यातलाच की. आमची भाची दिलीय तिकडं. कुठल्या देशमुखांतला?"

एक उत्तर चुकलं की संपलं.

तेवढ्यात सलिलनं काच खाली केली. नारायण पेठेतलं घर. चूक दिसली की दुरुस्त करायची, ही तिथली शिस्त. "एक मिनिट, काका. गैरसमज नको. हा देशमुख नव्हे, कांबळे. कंपनीचाच ड्रायव्हर आहे, कार्ड बघा हवं तर."

खांद्यावरचा हात निघाला. सर्जेरावनं तो पँटीला पुसला आणि मग तोच कानाखाली बसला. पोरं पुढं सरकली. सुमोच्या पत्र्यावर डोकं आपटल्याचा आवाज उत्तरेश्वरला दुसऱ्याच कुणाचा वाटला.

सलिल दार उघडू लागला, तसा सर्जेराव अदबीनं म्हणाला, "तुम्ही बसा, साहेब. तुमचं काय न्हाय." मग वाकून, हळूच उत्तरेश्वरच्या कानात, "रोज ह्याच रस्त्यानं जातोस न्हवं?"

सुमो निघाली. सलिल म्हणाला, "मी खरं तेच सांगितलं ना रे?"

"होय, सर." गिअर पडेना. "उद्यापासून दुसरा ड्रायव्हर मागा."

"कशाला? मिटलं की आता."

उत्तरेश्वरनं आरसा सरळ केला. पांढरी गाडी वळून त्यांच्या मागे येत होती.