पाटकर मॅडमच्या दूर्वा

गवत दिसलं की पाटकर मॅडम आधी चपला काढत. मग ते आमच्या कॉलेजमागचं मैदान असो, दादरच्या एखाद्या बागेतला हिरवा तुकडा असो, नाहीतर आम्हाला दाखवायला नेलं तो गोल्फ क्लब असो. क्लबातली बडी मंडळी खिळ्यांचे बूट घालून उभी, आणि आमच्या मॅडम साडी चार बोटं वर धरून अनवाणी फिरतायत. सुरुवातीला आम्हाला भारी संकोच वाटायचा. त्यांना त्याचं काही नव्हतं. "ओल कुठे साचलीय, माती कुठे घट्ट झालीय, ते बुटाला काय कळणार?" असं म्हणून त्या आम्हालाही बूट काढायला लावत.

गोल्फचा आणि परळचा संबंध काय, असं कुणीही विचारेल. आमच्या लालबागच्या चाळीत तर सगळ्यांनी विचारून झालं होतं. बी.कॉम. झाल्यावर मी परळच्या एका कॉलेजात गोल्फ मैदान सांभाळण्याचा डिप्लोमा घेतला. "म्हणजे बॉल उचलायचा कोर्स काय रे?" असं शेजारचा संतोष जिन्यात दिसेल तेव्हा विचारायचा. बाबा गोदीतल्या एका कचेरीत कारकून होते आणि घरीही कचेरीतलंच मराठी बोलत. ते एकदाच बोलले. "गणपतीचा महिना संपेपर्यंत नोकरीचं नक्की झालं तर ठीक. नाही झालं तर बँकेच्या परीक्षेला बसायचं." त्यानंतर मी तिथे काय शिकतो हे त्यांनी एका शब्दानं विचारलं नाही. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

कॉलेजात खेळाचे नियम, स्पर्धांची आखणी, यंत्रांची निगा असं बरंच काही होतं. मॅडम गवत शिकवायच्या. आधी कुठेतरी वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापिका होत्या, निवृत्तीनंतर इकडे आल्या. एकट्या राहत, दादरला, जुन्या घरात. त्यांनी आयुष्यात कधी गोल्फची काठी हातात धरली नव्हती. एकदा वर्गात एका मोठ्या सामन्याचं चित्रीकरण लावलं होतं. खेळाडूनं लांबून चेंडू बरोबर खळग्यात घातला आणि आम्ही टाळ्या पिटल्या. मॅडम पडद्याजवळ जाऊन म्हणाल्या, "डाव्या कडेला बुरशी लागलीय बघा."

शेवटच्या सत्रात आम्हाला कॉलेजमागे खळग्यात चेंडू ढकलण्याची छोटी हिरवळ तयार करायची होती. गणपती झाल्यावर शहराबाहेरच्या एका क्लबाचे अधिकारी ती पाहायला येणार आणि कुणाला कामावर घ्यायचं ते ठरवणार होते. आम्ही वाळू पसरली, गवताचे तुकडे रोवले, आणि पावसाळ्यात ते तरारून वर आलं. मला कापायची कोण घाई. मॅडम वाकून दोन बोटांनी एक काडी ओढत. ती मुळासकट हातात आली की म्हणत, "अजून धरलेलं नाही. घाई तुला आहे मंगेश, गवताला नाही." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं की पुढे पुढे त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं तरी ऐकू यायचं.

हे गवत म्हणजे आपली दूर्वाच, फार तर तिची सख्खी बहीण. हे त्यांनीच आम्हाला पहिल्या दिवशी सांगितलं होतं, आणि मी ते कौतुकानं घरी आईला सांगितलं होतं. कुठून बुद्धी झाली कोण जाणे.

हरतालिकेच्या संध्याकाळी मी पाणी बघायला कॉलेजात गेलो, तर हिरवळीवर जागोजाग टक्कल पडलेलं. कुणी नुसते शेंडे खुडले होते, कुणी घाईत मुळासकट उपटलं होतं. मॅडम अनवाणी मधोमध उभ्या होत्या.

"मीच फाटक उघडलं," त्या म्हणाल्या. "एक बाई आल्या, गणपतीला एक जुडी हवी म्हणाल्या. दूर्वा मागितल्यावर नाही कसं म्हणायचं? मग त्यांच्यामागून आणखी आल्या. एकीला दिल्यावर दुसरीला कुठल्या तोंडानं अडवू?"

"मॅडम, माझी नोकरी होती ही," मी म्हणालो. आवाज चढलाच.

त्यांनी तो चढू दिला. "चुकलंच माझं," म्हणाल्या. "शेंडेच खुडा म्हणून उभं राहून सांगायला हवं होतं."

घरी आलो तेव्हा माझं डोकं फिरलेलं होतं. मखर सजलं होतं, आणि समोर ताटात दूर्वांची हिरवीगार जुडी. ते गवत मी झोपेतही ओळखलं असतं. आई माझा चेहरा बघून गडबडली. "मी एकच जुडी मागलंय रे. मागसून अख्खी चाळ येतली ह्यां माका काय म्हायत? मॅडमनी इचारल्यानी, तुमी कोण? म्हटलंय, मंगेशची आई. तर म्हणाल्यो, ह्यो तुमच्या झिलानंच लावलेल्यो."

मी हसावं की रडावं ते कळेना. तेवढ्यात बाबा उठले. चष्मा लावून त्यांनी ताटातली एक दूर्वा उचलली आणि बराच वेळ बोटांत फिरवली.

"ह्या तू लावल्यास?"

"हो."

"कशा लावतात?"

मी सांगत गेलो. वाळू, उतार, पाणी, मुळं धरणं. ते ऐकत राहिले, मधे प्रश्नही विचारले. वर्षभरात पहिल्यांदाच. त्या क्षणी नोकरीचं काही वाटेनासं झालं होतं, हे खरं सांगतो.

सणाच्या दिवसांतही मॅडम रोज आल्या. आम्ही दोघांनी नवे तुकडे रोवले, पण व्हायचं तेच झालं. क्लबाचे साहेब आले, त्यांनी ठिगळं पाहिली आणि कारण विचारलं. मॅडमनी जे घडलं ते जसंच्या तसं सांगितलं, स्वतःच्या नावावर. साहेब म्हणाले, "ही तयार नाही. दसऱ्यानंतर पुन्हा येतो." मी खाली मान घालून घरी आलो आणि बँकेच्या क्लासची चौकशी करतो म्हणालो.

बाबांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं. "दसऱ्यापर्यंत थांबू. गवताला वेळ लागतो म्हणालास ना?"

दसऱ्यानंतर साहेब आले, वाकले आणि त्यांनी दोन बोटांनी काडी ओढली. ती तुटली, पण मूळ हललं नाही. मॅडम लांब उभ्या होत्या. माझ्याकडे बघून त्यांनी फक्त पायात चपला सरकवल्या.

तेव्हापासून मी त्याच क्लबात आहे. दर वर्षी हरतालिकेला कुंपणालगतच्या वाढलेल्या पट्ट्यातून दूर्वा खुडायच्या, एक जुडी दादरला मॅडमच्या गणपतीला द्यायची आणि एक घरी आणायची, हे ठरून गेलं होतं. मॅडम दारातच जुडी हातात घेऊन आधी मुळं निघाली नाहीत ना ते बघत.

गेल्या उन्हाळ्यात त्या गेल्या. झोपेतच गेल्या, त्रास झाला नाही. हरतालिकेला मी सवयीनं दोन जुड्या बांधल्या, आणि दुसरी द्यायची कुठे हे गाडीत बसल्यावर आठवलं. दोन्ही घेऊन घरी आलो. बाबा हल्ली फारसे उठत नाहीत, पण पूजेला बसतात. चतुर्थीला सकाळी त्यांनी पहिली जुडी गणपतीला वाहिली. दुसरी हातात घेतली, उलटी करून मुळं आहेत का ते पाहिलं, आणि तीही वाहिली.

"ही दादरची," ते म्हणाले.