हात न लावलेले पैसे

लग्नाला पैसे लागतात हे मला माहीत होतं. लग्न झाल्यावर नवऱ्याजवळ राहायलाही लागतात, आणि तेही परक्या सरकारने ठरवलेले, हे मला लग्नानंतर कळलं.

माझा नवरा इंग्लंडला एका वृद्धाश्रमात नोकरी करतो. मूळचा आगाशीचा, पण बरीच वर्षं तिकडे राहून तिथलाच नागरिक झालाय. आमचं ठरलं तेव्हा बायकोला बोलावून घ्यायला जेवढा पगार लागतो तेवढा त्याला मिळत होता. आमच्या साखरपुड्यानंतर त्या सरकारने तो आकडा वाढवला, आणि असा वाढवला की माझा नवरा एका फटक्यात बायको पोसायला नालायक ठरला. चर्चमध्ये लग्न लागलं, केक कापला, गावाला जेवण घातलं, आणि रजा संपल्यावर तो एकटा विमानात बसला. मी नंदाखालला माहेरीच राहिले. सकाळी बोळिंजच्या शाळेत शिकवायला जायचं, संध्याकाळी घरी यायचं, जेवून फोनवर नवऱ्याचं तोंड बघायचं. चर्चच्या दारात कोणी ना कोणी विचारायचंच, "अजून गेली नाहीस?" जसं काय मीच कंटाळा करून बसले होते.

पगार कमी पडत असेल तर साठवलेले पैसे दाखवायची सोय होती. ती सोय म्हणजे डोक्याला ताप. पैसे माझ्या नाहीतर त्याच्या खात्यात हवेत, रोख हवेत आणि सलग सहा महिने तसेच पडून हवेत. मधे एक दिवस जरी कमी झाले तरी तो कमी झालेला आकडाच ते धरणार. नवऱ्याने हे मला फोनवर समजावलं आणि मी ओट्यावर बसून पप्पांना समजावलं.

"वाडी आहे म्हणून सांग ना," पप्पा म्हणाले.

"वाडी चालत नाही."

"आईचं सोनं?"

"सोनंपण नाही चालत."

"मग त्यांना चालतं तरी काय?"

मला त्यांचा राग आला नाही, त्यांचं बरोबरच होतं. आमची विहीर उन्हाळ्यातही आटत नाही. नारळ आहेत, केळी आहेत, घर स्वतःचं आहे, कोणाचं एक पैशाचं देणं नाही. आणि त्या व्हिसा ऑफिसातल्या माणसाच्या लेखी आम्ही कंगाल, कारण आमच्याकडे पैसा बँकेत झोपून राहत नाही. पैसा आला की तो कशात तरी जातो, नाहीतर कोणाकडे तरी जातो.

पप्पांनी वाडीची रस्त्याकडची पट्टी विकली. आईने पाटल्या काढून दिल्या, आणि मी नको म्हणाले तर "मला त्या घट्ट होतात" अशी चक्क थाप मारली. माझी शिल्लक होती, नवऱ्याने थोडे पाठवले. सगळे माझ्या खात्यात जमा झाले. त्या दिवशी मी पप्पांना बजावून सांगितलं, सहा महिने या पैशांना हात लावायचा नाही. ते म्हणाले, "वेडी काय तू? तुझ्या संसाराचे पैसे मी खर्च करेन?"

आता आमच्या घरची एक पद्धत सांगायला हवी. माझं चेकबुक कपाटात असतं आणि त्यातले दोन-तीन चेक मी सही करून ठेवलेले असतात. मी नोकरीला लागल्यापासून तसंच आहे. दिवसभर मी शाळेत, त्यामुळे बँकेची कामं पप्पाच करतात. बँकेचे मेसेजही त्यांच्याच फोनवर येतात, आणि ते मेसेज वाचत नाहीत.

सहा महिने भरत आले तेव्हा मी बँकेतून स्टेटमेंट आणलं. घरी येऊन टेबलावर पसरलं आणि बघते तर गेल्याच पंधरवड्यात एक मोठी रक्कम गेलेली, आणि चार दिवसांनी तेवढीच परत आलेली. मला वाटलं बँकेनेच काहीतरी घोळ घातलाय. पप्पा बाजूला बसून चहा पीत होते. त्यांनी चष्मा लावून पाहिलं आणि अगदी सहज म्हणाले, "अगं, ते तुझ्या गॉडमदरला दिले होते. तिच्या नवऱ्याला विरारच्या हॉस्पिटलात नेलं ना, तेव्हा. आधी पैसे भरा म्हणाले. तिने एफडी मोडून चौथ्या दिवशी परत आणून दिले. वर केळफूलपण दिलं, तू भाजी खाल्लीस की."

ती भाजी मी खाल्ली होती. चांगली झालीय असंही म्हणाले होते.

"पप्पा, मी सांगितलं होतं ना, हात लावू नका."

"हात कुठे लावला? खर्च केला का? सगळे आहेत बघ. मोज."

तळपायाची आग मस्तकात गेली म्हणतात ना, तसं झालं. मी बापाला कधी बोलले नव्हते ते सगळं बोलले. तुम्हाला मी इथेच सडायला हवीय असं बोलले. गावात कोणी शिंकलं तरी तुमचा हात खिशात जातो असं बोलले. आई मधे पडली तर तिलाही सोडलं नाही. पप्पांना एकच कळत नव्हतं, की माणूस मरत असताना पैसे चार दिवस फिरून आले तर त्यात कमी काय झालं. आणि खरं सांगू, मला ते नीट समजावता आलं नाही. एवढंच सांगितलं की गेलेले सहा महिने फुकट गेले, आता पहिल्या दिवसापासून पुन्हा मोजायचे.

दुसऱ्या दिवशी ते फादरकडे गेले आणि चर्चच्या लेटरहेडवर चिठ्ठी घेऊन आले. हे कुटुंब प्रामाणिक आहे, पैसे आजारी माणसासाठी दिले होते आणि पूर्ण परत मिळाले आहेत, अशी चिठ्ठी. खाली सही आणि गोल शिक्का. "ही जोड," म्हणाले. मी कपाळाला हात लावला. ती चिठ्ठी कोण वाचणार होतं तिकडे? रात्री नवऱ्याला सांगितलं तर तोही चिडला, माझ्यावरच चिडला. मग मी त्याच्यावर चिडले, की एवढीच घाई होती तर जास्त पगाराची नोकरी बघायची होती. फोन ठेवल्यावर मी खूप रडले. नवऱ्याशी भांडायलासुद्धा मला त्याची ड्युटी संपायची वाट बघावी लागायची.

पुन्हा सहा महिने सुरू झाले. सही केलेले चेक मी फाडून टाकले आणि नवीन चेकबुक शाळेच्या पिशवीत ठेवायला लागले. पप्पांनी ते पाहिलं.

पप्पांचे एक मित्र आहेत, शाळेपासूनचे. शेजारच्याच आळीत राहतात. रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर यायचे. केळीचा भाव, चर्चची कमिटी, कोणाच्या पोरीचं कोणाशी, सगळं तिथे चालायचं. त्यांना मी काका म्हणते. एका संध्याकाळी ते आले ते बसलेच नाहीत. त्यांच्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता, फी लगेच भरायची होती, आणि पैसे हातात यायला महिना होता. "महिन्यात आणून देतो," एवढंच म्हणाले. आमच्याकडे यापेक्षा जास्त कोणी बोलत नाही आणि कोणाला बोलावं लागत नाही.

मी आत वह्या तपासत होते. माझा हात थांबला. पप्पा आता मला हाक मारणार, पिशवीतलं चेकबुक मागणार, आणि मला नाही म्हणावं लागणार, म्हणून मी मनातल्या मनात वाक्य जुळवत होते.

पप्पा म्हणाले, "नाहीत रे आता."

रस्त्याकडची पट्टी विकली हे अख्ख्या गावाला माहीत होतं. पैसे माझ्या खात्यात पडलेत हेही माहीत होतं. "बरं," असं म्हणून काका गेले. गेट त्यांनी नीट लावून घेतलं.

मी बाहेर आले. "पप्पा, सांगायचं ना त्यांना, व्हिसाचं आहे म्हणून."

"काय सांगू? पैसे आहेत पण द्यायचे नाहीत, असं सांगू?"

त्यानंतर काका ओट्यावर आले नाहीत. भांडण नाही, काही नाही. चर्चमध्ये दिसले की मान हलवायचे. पप्पा संध्याकाळी चहा घेऊन बाहेर बसायचे आणि कप रिकामा झाला की उठून आत यायचे. चर्चमधली मिस्सा संपल्यावर दारात थांबून गप्पा मारायची सवय त्यांनी सोडली. सरळ घरी यायचे. मी आईला म्हणाले, मोडू दे हे सगळं, देऊन टाकूया. आई म्हणाली, "आता गप्प बस. तुझ्या पप्पांनी एकदा नाही म्हणून तोंड वाईट केलंय, ते फुकट घालवू नकोस." मला सगळ्यांचाच राग यायचा, त्या सरकारचा, नवऱ्याच्या पगाराचा, काकांच्या त्या "बरं"चा. सगळ्यात जास्त राग खात्यात आरामात पडलेल्या त्या पैशांचा यायचा.

दुसऱ्या वेळचं स्टेटमेंट स्वच्छ आलं. व्हिसाचा अर्ज भरला, कागद अपलोड केले, बोटांचे ठसे देऊन आले. घरी आल्यावर पप्पांनी आधी पाणी दिलं आणि मग विचारलं, "आता हात लावला तर चालतो?"

तसं उत्तर येईपर्यंत ठेवायला हवेत असं नवऱ्याचं म्हणणं होतं. मी पिशवीतून चेकबुक काढलं, एक चेक सही करून त्यांच्या हातात दिला. रक्कम लिहिली नाही. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि चेक खिशात ठेवून ते शेजारच्या आळीत गेले. मी आणि आई ओट्यावरच बसलो.

ते लगेच आले. चेक खिशातच होता, तो त्यांनी कपाटात त्याच्या जुन्या जागी ठेवला. "त्याची गरज भागली," म्हणाले. "कोणाकडून तरी घेतले त्याने. पोरगी जातेय कॉलेजला."

"बसला नाहीत का तुम्ही?" मी विचारलं.

"बस म्हणाला नाही तो."

रात्री नवऱ्याचा फोन आला. अर्जाचं सगळं विचारून झाल्यावर त्याने काळजीने विचारलं, "पैसे सगळे आहेत ना?"

पप्पा बाहेर ओट्यावर एकटेच बसले होते. मी म्हणाले, "सगळे आहेत."