ट्रेसर नाथाजीची सहा पानं

नाथाजीचा मला अजून राग येतो. माणूस साधा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. चित्रकथांचे उसने आणलेले अंकसुद्धा कव्हर घालून परत करणारा. तरी येतो.

कोयनानगरला धरणाच्या कामाचं एक ड्रॉइंग ऑफिस होतं. एकाहत्तर साली मी तिथं नकाशे छापायला लागलो, तेव्हा नाथाजी ट्रेसर होताच. ट्रेसरचं काम म्हणजे इंजिनियर पेन्सिलनं नकाशा काढणार, त्याच्यावर आरपार दिसणारं गुळगुळीत कापड ताणायचं आणि खालची रेघ न् रेघ शाईनं वर उतरवायची. स्वतःचं काही घालायचं नाही. नाथाजीची रेघ इतकी साफ असायची, की नवे इंजिनियर छापलेलीच समजायचे.

त्याचे वडील हंबीरराव कराडजवळच्या गावचे, पलटणीतून सुभेदार होऊन आलेले. दोन्ही भाऊ फौजेत. हा भरतीला गेला आणि छातीच्या मापात कमी भरला. वडिलांनी कुणाच्या तरी हातापाया पडून इथं चिकटवला आणि बजावलं, "सरकारी हाय. जीव गेला तरी सोडू नगंस." त्यानं सोडलं नाही. दोन्ही अंगांनी डोंगर, चार महिने आभाळ फाटल्यागत पाऊस, पत्र्याचं क्वार्टर. सदुसष्टच्या भूकंपानंतर जमीन मधूनच हलायची, तेव्हा आम्ही सगळे दाराकडं पळायचो आणि नाथाजी आधी शाईची बाटली धरायचा. "बाळासो, ह्या दरीनं गिळलंय मला," असं तो मला सरळ म्हणायचा. मला तेव्हा त्याचं कौतुकच वाटायचं. मला कुठं असलं बोलता येत होतं?

जीव त्याचा चित्रकथांत. रंगीत अंक, शिकारी, जादूगार, राजेरजवाडे, जे मिळेल ते. महिन्यातून एकदा एसटीनं कराड आणि तिथून सांगली गाठायची, तिथला दादासो रद्दीवाला ह्याच्यासाठी गठ्ठा बाजूला ठेवायचा. पाचगणीच्या शाळांतल्या श्रीमंत पोरांनी टाकलेले इंग्रजी अंकही त्याच्याकडं यायचे. निवड मात्र कडक. मागचं कोडं कुणी सोडवलेलं असलं तर तो अंक नको. कव्हर फाटलेलं चालेल, पण आतलं पान दुमडलेलं नको. घरी आणला की पहिल्यांदा पिना काढायच्या, कारण आमच्या पावसात पिना गंजतात, आणि त्या जागी सुईदोऱ्यानं टाके घालायचे. त्याची बायको, विजयमालावहिनी, म्हणायच्या, "पोरीच्या परकराला टाका घाला म्हनलं तर हात दुखतो ह्यांचा."

आणि मतं! जेवणाच्या सुट्टीत मी भाकरी खायचो आणि तो अंक उघडून मला शिकवायचा. "रंगाला भुलू नगं. रंग छापखान्यातला मानूस भरतो. चित्रकार बघायचा तर रेघंत." एकाच अंकातलं कुठलं पान दुसऱ्यानं काढलंय तेही सांगायचा. "ह्या गड्याला हाताची बोटं जमत न्हाईत. बघ, समदी मानसं खिशात हात घालून हुबी." आणि घोडा दिसला की डोकंच फिरायचं त्याचं. "मागचा पाय मानसागत वाकवलाय! टांगा बी बघितला न्हाई व्हय ह्येनं?"

हीच मतं तो मुंबईच्या प्रकाशकांना पत्रानं कळवायचा. अशी दहा-अकरा पत्रं गेली असतील. पंच्याहत्तरच्या पावसाळ्यात एका ठिकाणाहून उत्तर आलं. संपादकांनी लिहिलं होतं, की आपली नजर पक्की दिसते. आमचे एक चित्रकार सोडून चालले आहेत. स्वतः सहा पानं काढून पाठवा, पसंत पडली तर मुंबईला या, जागा आहे.

छपाईच्या खोलीत त्यानं ते पत्र मला तीनदा वाचून दाखवलं. तिसऱ्या वेळी रडला. "सुटलो बग बाळासो," म्हणाला. वहिनींनी त्याच आठवड्यात भावाला परळला खोली बघायला कळवलं.

तीन आठवडे तो रोज संध्याकाळी बसला. रद्द झालेल्या नकाशांच्या पाठीवर आधी पेन्सिलनं काढायचा, खोडायचा, पुन्हा काढायचा. मन भरलं की त्यावर कापड ताणून शाईनं पक्कं करायचा. गोष्ट त्याचीच. सुट्टीवर आलेला एक जवान, घाटात कोसळलेली दरड आणि खाली अडकलेली एसटी. मला चित्रांतलं काही कळत नाही, पण पाचव्या पानावर बसच्या काचेला आतून टेकलेला एक हात होता, पाचही बोटं पसरलेली. ते पान मी दोनदा उलगडून बघितलं. मी माझ्या हातानं पानांची गुंडाळी केली, पत्र्याच्या नळीत घातली आणि कराडला जाऊन रजिस्टर करून आलो.

महिन्यानं नळी परत आली. सोबत पत्र होतं. "ट्रेसिंग अत्युत्तम. परंतु आमच्याकडे दोन ट्रेसर आहेत, तिसऱ्याची गरज नाही. मूळ चित्रकाराचे नाव व पत्ता कृपया कळवावा. त्यांना ताबडतोब बोलावून घेऊ."

मला काही उमगेना. पानं उलगडली. प्रत्येक पानाच्या उजव्या कोपऱ्यात, खाली, आमच्या ऑफिसातल्या प्रत्येक नकाशावर असते तशी चौकट आखलेली. ड्रॉन म्हणजे कुणी काढला, ट्रेस्ड म्हणजे कुणी उतरवला, मग चेक्ड, अप्रूव्ह्ड. ट्रेस्डच्या पुढं नाथाजीची सही. ड्रॉनची जागा कोरी. गुंडाळी करताना हे मी सहा वेळा बघितलं होतं. रोज असले पन्नास कोपरे छापणाऱ्या माणसाला त्यात काय वावगं दिसणार?

"आरं, ड्रॉनम्होरं सही का न्हाई केलीस?" मी ओरडलोच.

"ट्रेसरनं तिथं करायची नसती."

"ह्यो काय धरनाचा नकाशा हाय व्हय?"

"खाली पेन्सिल हुतीच की. त्येच्यावरनं उतरवलं. म्हंजी ट्रेसच."

"आन् पेन्सिल कुनी काढली?"

चौकीत कबुली द्यावी तसं तो म्हणाला, "मीच."

"मग तेवढं लिव. दोन वळींचं काम हाय."

त्यानं माझ्यासमोर बसून लिहिलं, पाकीट चिकटवलं आणि मला दिलं. गुरुवारी मी ते कराडच्या पेटीत टाकलं. दुसऱ्या दिवसापासून मी टपालवाल्याची वाट बघायला लागलो, नाथाजीपेक्षा जास्त. दसरा गेला, दिवाळी गेली. मुंबईवाल्यांना मी भरपूर शिव्या घातल्या. माणसाला आशा दाखवायची आणि गप्प बसायचं, ही कुठली रीत?

जानेवारीत एकदा न राहवून मी त्याच्या टेबलाशी गेलो. तो कापड ताणत होता.

"लिवलं का रं काय त्येंनी?"

"न्हाई. कशाला लिवतील?"

"म्हंजी?"

"मी कळवलं की त्येंला. मूळ चित्रकार आता हितं न्हाईत, पत्ता ठावं न्हाई म्हनून."

ते पाकीट मी माझ्या हातानं टाकलं होतं. मला त्याला मारावंसं वाटलं. खरंच सांगतो, मारावंसं वाटलं.

"का रं?"

"तिथं गेलो, त्येंनी कोरा कागद म्होरं ठिवला, खाली काय बी नसलं, तर?" त्याचा आवाज अगदी साधा होता. "धा वर्सं झाली, बाळासो, खालचं बघून काढतोय."

"पन ती सहा पानं काढलीस की!"

"निघाली. कशी निघाली, मला बी ठावं न्हाई. परत निघतील म्हनून कोन सांगनार? आन् हितली नोकरी गेल्यावर?"

"वहिनींना काय सांगितलंस?"

"नापसंत केलं म्हनून सांगितलं. तिनं भावाला खोली नगं म्हनून कळवलं बी."

आतून साहेबांनी हाक मारली. तो नकाशा दुपारच्या आत हवा होता. नाथाजीनं कापडाचं दुसरं टोक माझ्याकडं सरकवलं.

"सुरकुती पडतीया. जरा धर."

मी धरलं.