शेवटच्या शब्दाची राखण

रोज सकाळी चहाच्या आधी तो पलंगाच्या पायावर उजव्या पायाचा अंगठा आपटायचा आणि स्पष्ट आवाजात म्हणायचा, "अरे, लागलं." मग लंगडत चूळ भरायला जायचा. स्वयंपाकघरातून बायको विचारायची, "झाली का तालीम?"

तालमीला कारण होतं. तो वजनकाटे दुरुस्त करायचा. दुकान एवढंसं, चिमट्यानं पितळी वजनं उचलायची आणि काटा स्थिर होईपर्यंत श्वास रोखून थांबायचं. असा माणूस देवाकडेही पुरावा मागणार, यात नवल नव्हतं. गल्लीनं त्याचं नावच पुरावा ठेवलं होतं. संध्याकाळी दुकान बंद केलं, की चौकात एका खोक्यावर उभा राहून तो देव नाही म्हणून सांगायचा. ऐन उमेदीत एकदा मोठ्या सभागृहात जाहीर वाद ठरला. समोर आस्तिकांच्या बाजूनं खुद्द त्याचा मेहुणा, बायकोचा थोरला भाऊ. पुराव्यानं मेहुण्याला पार निरुत्तर केलं, टाळ्या घेतल्या, आणि जागेवर परतताना माइकचा लोखंडी स्टँड त्याच्या अंगठ्यावर कोसळला.

"अरे देवा!"

माइक चालू होता.

मेहुण्याला पुढं काही बोलावंच लागलं नाही. तो नुसता हसत बसून राहिला.

नास्तिक सभेची तातडीची बैठक पुराव्याच्याच घरी भरली. दुखलं तर काय म्हणावं, एवढाच विषय. "बाप रे" नामंजूर झालं, कारण चिटणिसांचे वडील धर्मोपदेशक होते. "आई गं"वरून खडाजंगी झाली. एकाला त्यात व्यक्तिपूजेचा वास आला. शेवटी "अरे, लागलं" बहुमतानं मंजूर झालं. रिकामे कप गोळा करता करता बायको म्हणाली, "देव जाणे तुमचं कसं व्हायचं," आणि अख्खी सभा तिच्याकडे वळून बघायला लागली.

अंगठा कायमचा सुजला. उजवा बूट एक नंबर मोठा लागायला लागला. एवढं करूनही सवय पुरती अंगात मुरली नाही. झोपेत कूस बदलताना कळ आली, की तो "देवा" असं पुटपुटायचा. बायको ऐकायची. तिनं हे कधी कुणाला सांगितलं नाही, त्यालाही नाही.

म्हातारपणी हृदयानं दगा दिला. डॉक्टरांनी बायकोला बाजूला घेऊन सांगितलं, आता फार दिवस नाहीत. ती वॉर्डात परतली, तर खाटेच्या एका अंगाला मेहुणा ठाण मांडून बसलेला, दुसऱ्या अंगाला चिटणीस, मांडीवर रेकॉर्डर.

"जावईबापू जाताना नाव घेणार. लिहून ठेवा," मेहुणा म्हणाला.

"लिहायचं कशाला? सगळं टेप होतंय."

पुराव्यानं याचाच धसका घेतला होता. एका पारड्यात आयुष्यभराचं बोलणं आणि दुसऱ्यात कळ आली असताना निसटलेला एक शब्द. लोकांच्या हातात कुठलं पारडं खाली जाईल, हे त्याला धंद्यामुळे पक्कं ठाऊक होतं. त्यानं चिटणिसांना खूण केली, घसा खाकरला आणि म्हणाला, "मला शेवटपर्यंत पुरावा मिळाला नाही." मग तोंड मिटून घेतलं. चिटणिसांचे डोळे भरून आले. सगळे वाट बघत बसले.

तो काही मेला नाही.

दुसऱ्या दिवशी नर्सनं विचारलं, "आजोबा, लघवी झाली का?" त्यानं बोट वर केलं. बायकोनं विचारलं, "उशी उंच करू?" त्यानं पापण्या मिटल्या. दुपार व्हायच्या आत मेहुण्यानं वॉर्डभर करून टाकलं, "मौन धरलंय. आत प्रार्थना चाललीय." झालं. शेजारच्या वॉर्डांतून पेशंट सलाइनच्या बाटल्या उंच धरून यायला लागले. प्लॅस्टर घातलेला एकजण तर सुजलेल्या अंगठ्याला हात लावून गेला. "गुण येतो म्हणे," तो मागच्याला म्हणाला. संतापून पुराव्यानं तोंड उघडलं, तोच चिटणिसांनी त्यावर हात ठेवला. "अहो, वाक्य वाया जाईल!"

बायको ताडकन उठली. "दादा, ऊठ. चिटणीस, तुम्हीपण."

"अगं, ऐन वेळी..."

"ऐन वेळ माझी आहे. खाली जा, चहा प्या. आणि ते यंत्र इथं नको."

ते गेल्यावर तिनं स्टूल खाटेला चिकटवलं. "अहो, त्या वाक्यात मी कुठंय? संसार माझ्याशी केलात आणि शेवटचं बोलणं सभेशी? झोपेत तुम्ही देवा देवा करता, ते मी कधी बाहेर जाऊ दिलं का? मग आता माझ्यासमोर कसली भीती?"

त्यानं मान तिच्याकडे वळवली. मग बसक्या आवाजात म्हणाला, "झोपेत? मी?"

"तुम्ही."

"पुरावा?"

तिला हसू फुटलं. त्यालाही आलं, खोकल्यासकट. मग सगळी दुपार दोघं बोलत होती. गळका नळ, धाकट्या जावेचं घोरणं, एकदा दोघंही जिथं छत्री विसरून आली ते लग्न. मधे एकदा त्याला कळ आली, तोंडातून काहीतरी निघालं. तिनं त्याचा हात दाबून धरला आणि नळाचं पुढं चालू ठेवलं. ऊन कलायला लागलं. ती कशासाठी तरी उठून खिडकीपाशी गेली आणि वळली, तेव्हा तो गेलेला होता.

मेहुणा आणि चिटणीस जिना चढून आले ते धापा टाकतच.

"काही बोलले?" दोघांनी एका दमात विचारलं.

तिनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं.

"बोलले ना. म्हणाले, तो पडदा जरा ओढ, पलीकडच्याच्या डोळ्यावर ऊन येतंय."