खिशातली तार

अण्णांनी तो सिनेमा चार वेळा पाहिला. एक धावपटू असतो. शर्यतीच्या आदल्या दिवशी त्याची आई जाते, तो तिच्या अंत्ययात्रेला जात नाही, डोळे पुसत पळतो आणि जिंकतो. नाशिकच्या थिएटरात लोक शिट्ट्या मारत होते. सातपूरच्या कारखान्यात फिटर असलेले माझे वडील हमसून हमसून रडत होते.

मी नववीत होते, बरी पळायचे. एवढ्यावरच त्यांनी मला धरलं. रोज पहाटे, पहिल्या पाळीला जाण्याआधी, ते सायकलवर आणि मी पुढे पळत. नडगी ठणकते म्हटलं की म्हणायचे, "तो थांबला होता का?"

जिल्ह्याच्या शर्यतीत मी पहिली आले. अण्णांनी मला मैदानावर उचलून घेतलं. घरी आल्यावर आईने साखर वाटली. शेजारच्या बायका गेल्या, तेव्हा अण्णांनी शर्टाच्या खिशातून तार काढली. नांदगावची आजी, माझ्या आईची आई, गेली होती. तार आदल्या दिवशी दुपारीच कारखान्यात त्यांच्या हाती पडली होती.

आईने ती दोनदा वाचली. "काल गाडी मिळाली असती. तोंड तरी दिसलं असतं."

"तुला सांगितलं असतं, तर तू हिला पळू दिलं असतंस का?" अण्णा म्हणाले. "मोठं व्हायचं तर असं काळीज घट्ट करावं लागतं. त्या सिनेमात…"

"सिनेमातली ती म्हातारी शूटिंग संपल्यावर उठून घरी गेली असेल हो," आई म्हणाली. "माझी आई उठणार आहे का?"

आई तशीच, एकटी, स्टेशनवर गेली.

मी पुन्हा पळाले नाही. अण्णांनी आधी दटावलं, मग विनवलं, मग बोलणंच सोडलं. मला त्याचं काडीचं वाईट वाटलं नाही. माझ्या जिंकण्यासाठी त्यांनी आईचं रडणं एक दिवस खिशात दाबून ठेवलं होतं, आणि मला न विचारता.

पुढे घरोघरी व्हिडिओ आले. कॉलनीत असाच एक सिनेमा लागला. या वेळी गाण्यापायी वेडा झालेला गवई, बायको-मुलं वाऱ्यावर. शेवटी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"त्याच्या बायकोचं पुढे काय झालं?" मी मोठ्याने विचारलं.

"अगं, सिनेमा त्याचा आहे," कुणीतरी म्हणालं.

ते वाक्य आठवलं की अजून तळपायाची आग मस्तकात जाते.