स्टुडिओत वायर कोणी ओढली?

अन्याय झाला तो दिनकर म्हात्रे यांच्यावर. कधी झाला, तेही सांगते, कारण पत्रकाची पहिली ओळ अशीच असावी हे मी कॉलेजात शिकले: मी घर सोडून बंगळुरूला निघाले त्या सकाळी, रोहा स्टेशनात पनवेलकडे जाणारी गाडी लागलेली असताना. आई आणि बाबा साक्षीला होते.

दिनू सर म्हणजे माझे गिटारचे मास्तर. मला पोचवायला आले होते. बाकड्यावर बसून त्यांनी आपली पुलावरची चाल वाजवायला घेतली. या चालीशिवाय आमच्या अष्टमी गावची वरात रोह्याचा पूल ओलांडत नसे. शेजारी कंपनीतून नाइट शिफ्ट करून आलेला एक जण चहा पीत उभा होता. मान डोलवत म्हणाला, "काका, त्या गाण्याची कॉपी कडक वाजवता हां. एकदम ओरिजिनल वाटते."

आणि त्याने मोबाइलवर ते गाणं लावून दाखवलं. मुंबईच्या एका बँडचं, नुकतंच सगळीकडे वाजायला लागलेलं. सरांनी ते शेवटपर्यंत ऐकलं. हसले. गिटार पिशवीत घातली, चेन ओढली आणि मला म्हणाले, "चल गो, गाडी तुझ्यासाठी उभी नाय राहणार." आईने खिडकीतून डबा दिला. "तिथं जरा तोंड आवर. नायतर उतरल्या उतरल्या पत्रकं वाटशील." पेण गेलं, जिते गेलं, तरी माझ्या डोक्यात एकच. सर का हसले?

सर कोण, हे नव्यांसाठी. पेणच्या खाडीकडचे, मिठागरावर काम करणाऱ्यांच्या घरातले. आधी हळदीत आणि वरातीत बेंजो वाजवायचे. मग कुणाची तरी जुनी इलेक्ट्रिक गिटार हाती लागली आणि त्यांनी बेंजोची सगळी पळापळ त्या तारांवर आणली. मुंबईत बऱ्याच रॉक बँडांत वाजवलं, परदेशी जाऊन आले. त्यांची बोटं बघायला वाजवणारेच पुढच्या रांगेत बसायचे. नंतर परत आले आणि अष्टमीत एका दुकानाच्या माडीवर क्लास काढला. का परतलात, असं विचारलं की म्हणायचे, "तिकडं सगळे टाळ्या वाजवतात, नाचत कोणी नाय."

क्लासात सगळ्यांच्या गिटारी नेहमीपेक्षा अर्धा सूर खाली लागायच्या, कारण सरांचा जुना बेंजो त्याच सुरात लागायचा आणि संध्याकाळी सगळ्यांना त्याच्याबरोबर वाजवायचं असायचं. दुसरीही काही पद्धत असते हे आम्हाला माहीतच नव्हतं.

आता ती चाल. एका वरातीत स्पीकरचा टेम्पो पुढे होता आणि सर गिटार घेऊन मागून चालत होते, वायर टेम्पोत जोडलेली. पुलाच्या सांध्यावर ड्रायव्हरने गाडी पुढे दामटली. वायर ताणली गेली, सरांचा हात तारेवरून सुटला, एक सूर तसाच लोंबकळत राहिला. सर दोन पावलं धावले, वायर सैल झाली, मग चाल पुन्हा पकडली. नाचणाऱ्यांना वाटलं मुद्दाम केलं. हात वर करून सगळे तसेच थांबले होते. पुढच्या वरातीत बायकाच ओरडल्या, "सर, ती थांब घ्या." तेव्हापासून थांब चालीतच राहिली.

बंगळुरूत मी ज्या अकॅडमीत शिकवायला लागले तिथे सगळ्यांनी मिळून वाजवायच्या पहिल्याच जॅमला सगळ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. माझी गिटार अर्धा सूर खाली. रूममेट म्हणाली, "तुझ्या गावचा ट्यूनर झोपलेला असतो का?" मला सरांचा राग आला. मग सिलॅबसमध्ये ते गाजलेलं गाणं निघालं. आम्हा नव्या शिक्षकांना सिलॅबस समजावणारा इन्स्ट्रक्टर म्हणाला, या एका गाण्यासाठी सगळ्यांनी तारा अर्धा सूर खाली घ्या. माझी तयारच होती.

आणि मधोमध ती थांब. सूर लोंबकळतो, दोन पावलांएवढी पोकळी, मग चाल परत. मी विचारलं, इथे असं का? तो म्हणाला, "फील आहे."

फील नाही. माझा साधा प्रश्न आहे. एसी स्टुडिओत खुर्चीवर बसून वाजवणाऱ्या माणसाची वायर कोणी ओढली? कुठला टेम्पो, कुठला सांधा?

मी आईला फोन केला. गाणं यायच्या आदल्या वर्षी आपल्याकडच्या एका लग्नाला मुंबईचा कोणी वाजवणारा आला होता का? आईला विचार करावा लागला नाही. "तो व्हय? चष्मेवाला. जेवला पण नाय गो, सगळी वरात नुसता फोन वर धरून सरांच्या पाठी. मला वाटलं नवऱ्याकडचा फोटोवाला हाय." ज्यांच्याकडे तो पाहुणा आला होता त्यांच्या हॉलमध्ये त्याच्यासोबतचा फोटो अजून लटकतो; त्या बँडचा गिटारवाला तो हाच. त्यांना मी विचारलं, तुमचा व्हिडिओ देता का? म्हणाले, डिलीट झाला. फोटो बरा राहिला.

माझ्याकडे कोर्टात चालेल असं काही नाही, हे मला ठाऊक आहे. पण मला फक्त चष्मेवाल्याचा संशय नाही. मला तुमचाही आहे, अष्टमीकरांनो. त्या पुलावर हात वर करून थांबलेले तुम्हीच. गाणं आलं तेव्हा तुमच्या लक्षात आलं नाही? की आलं, आणि आपल्याकडचं काही मुंबईत गाजू शकतं यावर विश्वास बसला नाही, म्हणून सरांनाच कॉपीवाला ठरवलंत?

सरांना फोनवर म्हटलं, ही चोरी आहे, मी लिहिते. ते म्हणाले, "माझ्या नावाने भांडू नको. पोरं वाजवतायत, झालं." मला या समाधानाचाही संशय आला, म्हणून सुट्टीत सरळ माडीवर गेले. गिटारी आता मोबाइलच्या ट्यूनरवर लागतात, जगाच्या सुरात. बेंजो कपाटावर, कपड्यात गुंडाळलेला. एका मुलीने पुलावरची चाल शिकवा म्हटलं. सर म्हणाले, "ती मोबाइलवर बघ. तिकडं बरोबर शिकवतात." मी जिन्यातच बसले. स्टेशनातलं ते हसणं मला तेव्हा कळलं. आपलीच चाल त्यांना परक्याची वाटायला लागली होती.

मी परत येणार नाही. इथे बंगळुरूत काम आहे, भाड्याची खोली आहे, कन्नडमध्ये भांडण्याइतकी भाषा आली आहे. पण माझी गिटार अजून अर्धा सूर खालीच असते, इन्स्ट्रक्टर काही म्हणो. घर म्हणजे मला आता एवढंच उरलंय: सूर लोंबकळतो ती जागा, जिथे अख्खी अष्टमी हात वर करून थांबायची. ती जागा दुसऱ्याच्या नावावर असेल तर मी आले कुठून?

म्हणून सांगते. आहेराची, बक्षिसाची नावं माईकवर घ्यायची पद्धत आपल्याकडे आहे, नवऱ्याच्या मामाचं नाव तीनदा घेता. या लग्नसराईत वरात पुलाच्या सांध्यावर आली की टेम्पो थांबवा. माईक हातात घ्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणा, ही चाल दिनकर म्हात्रे यांची, याच पुलावरची. सर घरी बसले असतील तर त्यांना घेऊन या, वायर त्यांच्या हातात द्या. आणि तुम्ही माझ्यासारखे बाहेर असाल, तर ते गाणं जिथे लागेल तिथे बंद करा, नाव सांगा, आणि मगच पुन्हा लावा.